माणसांचा मक्ता

तुरुंग हा शब्द उच्चारला म्हणजे सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनांत भीतीबरोबर थोडा आदरही उत्पन्न होतो. याचें कारण आमच्या वाङ्मयांत सांपडतें. आगरकरांनीं १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत काढलेल्या १०१ दिवसांची हकीकत लिहिली. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या बंदिवासांत सिद्ध झालें. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. आणि अंदमानांतील कोलूची कथा ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथानें घरोघरीं पोंचविली. या परंपरेंत वाढलेल्या वाचकास कैदी म्हटला म्हणजे प्रथम कोणी तरी पूज्य पुरुष आठवतो. परंतु त्याच तुरुंगांत, शेजारच्याच कोठडींत, चोर, दरवडेखोर व खुनी हेही होते. त्यांच्यापैकीं किती जण आमच्या स्मरणांत राहिले? त्यांच्याविषयींचें आमचें मत पुस्तक उघडण्यापूर्वींच ठरलेलें असतें: करावें तसें भरावें.

याच दुसऱ्या कैद्याविषयीं लिहिलेल्या एका अमेरिकन ग्रंथाचा परामर्श आज आम्ही घेत आहों. शेन बाउअर या वृत्तपत्रव्यवसायी लेखकाचें ‘अमेरिकन प्रिझन’ हें पुस्तक २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील कैद्यांत देशभक्त कोणी नाहीं, तत्त्वज्ञ कोणी नाहीं. ज्यांना समाजानें दोषी ठरविलें आणि ज्यांचा सांभाळ सरकारनें एका व्यापारी मंडळीस मक्त्यानें दिला, अशा माणसांची ही हकीकत आहे. मक्ता रस्त्याचा असतो, जकातीचा असतो, बाजाराचा असतो. माणसांचाही असूं शकतो हें ऐकून आमच्या कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. म्हणून प्रथम हा व्यवहार समजून घेतला पाहिजे.

करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही कंपनी १९८३ सालीं टेनेसी राज्यांत स्थापन झाली. तिच्या तिघां संस्थापकांपैकीं टेरेल डॉन हटो यांचें आयुष्य तुरुंगांच्या कारभारांत गेलें होतें. टेक्सास राज्यांत कैद्यांकडून कापूस पिकविणाऱ्या सरकारी मळ्याचे ते कांहीं काळ मुख्य होते. कंपनीच्या पहिल्या कामाची कथा मोठी बोधप्रद आहे. परदेशांतून विनापरवाना आलेल्या लोकांस ठेवण्याचें काम मिळालें, पण ठेवण्यास जागा नव्हती. तेव्हां ह्यूस्टन शहरांतील एक प्रवाशांचें वसतिगृह भाड्यानें घेतलें, भोंवतीं कुंपण घातलें आणि १९८४च्या आरंभीं तेथें माणसें कोंडण्यास सुरुवात झाली. कालपर्यंत पाहुण्यांकडून जें भाडें मिळे तें आतां सरकारकडून मिळूं लागलें. फरक इतकाच कीं, या पाहुण्यांस जागा आवडली नाहीं तरी दुसरीकडे जातां येत नसे.

या धंद्याचें गणित सोपें आहे. सरकार दर कैद्यामागें दररोज ठराविक रक्कम देतें. तींत कैद्याचें अन्न, औषध, पहारा, शिक्षण हें सर्व भागवून उरेल तो नफा. बाउअर ज्या तुरुंगांत होते तो लुइझियाना राज्यांतील विनफील्ड गांवाजवळचा विन तुरुंग. तेथें हा दर सुमारें ३४ डॉलर होता. त्याच राज्याच्या सरकारी तुरुंगांत दर कैद्यामागें रोज सुमारें ५२ डॉलर खर्च होत. शिवाय तुरुंग शेंकडा ९६ भरलेला राहील अशी हमी करारांत होती. व्यापाऱ्यानें मालाच्या खपाची हमी मागावी यांत नवल नाहीं. पण येथें माल कोणता हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या एका आंकड्यावर वाचकाची दृष्टि खिळून राहते. गुन्हे कमी व्हावेत ही इच्छा समाजाची. तुरुंग भरलेले राहावेत ही गरज मक्तेदाराची. आणि या दोहोंवर एकाच सरकारची सही!

आतां लेखकाविषयीं. बाउअर यांस तुरुंगाचा अनुभव नवा नव्हता. २००९ सालीं इराकच्या कुर्दिस्तान भागांत डोंगरांत फिरत असतां ते व त्यांचे दोघे सोबती इराणच्या सीमेवर पकडले गेले. बाउअर २६ महिने इराणच्या कैदेंत होते, त्यांपैकीं चार महिने एकांतवासांत. पुढें स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं अमेरिकेंतील तुरुंगांविषयीं लिहिण्यास आरंभ केला; परंतु खाजगी तुरुंगांचीं दारें पत्रकारांस बंद होतीं. तेव्हां २०१४च्या अखेरीस त्यांनीं विन येथें पहारेकऱ्याच्या नोकरीसाठीं अर्ज केला. नांव खोटें दिलें नाहीं, आपण कोणाकडे काम करतों हेंही लपविलें नाहीं. इंटरनेटवर त्यांचें नांव शोधलें असतें तर सर्व कळलें असतें; पण शोधण्याइतकी आस्था कोणास नव्हती. ताशीं ९ डॉलरांवर ते पहारेकरी झाले व चार महिने राहिले. त्या अनुभवाचा दीर्घ लेख ‘मदर जोन्स’ या नियतकालिकांत २०१६च्या जूनमध्यें आला आणि त्याचाच विस्तार म्हणजे हा ग्रंथ.

विन येथें कैदी दीड हजारांवर होते. एका इमारतींत साडेतीनशें कैदी आणि त्यांच्यांत वावरणारे पहारेकरी दोन! मनोऱ्यांवर पहारा ठेवण्याचा खर्च वांचविलेला. त्यामुळें एक कैदी कुंपण ओलांडून पळाला तो कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं, आणि पळाला आहे हें समजण्यासही कित्येक तास गेले. नव्या उमेदवारांस शिक्षण देतांना सांगण्यांत आलें कीं, कैद्यांत भोंसकाभोंसकी सुरू झाली तर थांबा म्हणून ओरडावें. ऐकलें नाहीं तर दुसरें कांहीं करतां येत नाहीं, कारण जीव धोक्यांत घालण्याइतका पगार येथें कोणास मिळत नाहीं. कैद्यांस हस्तकौशल्य शिकविण्याच्या खोल्या बंद पडलेल्या. मानसोपचारतज्ज्ञ अर्धवेळ एक, मानसशास्त्रज्ञ अर्धवेळ एक, आणि पूर्णवेळ समाजसेविका एकच. कैद्यांपैकीं मात्र सुमारें एक तृतीयांशांस मनाचे विकार जडलेले.

या हकीकतींतील दोन माणसें आमच्या मनांतून जात नाहींत. एका कैद्याचे हात-पाय दुखूं लागले. तो वारंवार दवाखान्यांत गेला आणि वारंवार परत पाठविला गेला. अखेर पाय सडले तेव्हां त्यास इस्पितळांत नेलें. दोन्ही पाय व हातांचीं बोटें गेलीं. दुसऱ्यानें मनावरील उपचारांची मागणी केली, त्यासाठीं अनेकदां अन्न सोडलें, आणि शेवटीं आपल्याच हातानें जीवनाचा अंत केला. त्या वेळीं त्याचें वजन ७१ पौंड, म्हणजे सुमारें ३२ किलो, होतें.

या प्रसंगीं वाचक एखादा खलपुरुष शोधूं लागतो. आमच्या कथाकादंबऱ्यांनीं आम्हांस तशी संवयच लावली आहे: तुरुंग म्हटला कीं मिशा पिळणारा, चाबूक उडविणारा जेलर पाहिजे. बाउअर यांच्या पुस्तकांत असा कोणी नाहीं, आणि आमच्या मतें हेंच त्याचें मोठें यश आहे. त्यांतील पहारेकरी हीं आसपासच्या गांवांतलीं गरीब माणसें आहेत. गांवांत दुसरें काम नाहीं म्हणून तीं येथें आलीं. त्यांच्यांत एकट्यानें मुलें वाढविणाऱ्या आया आहेत, थकलेले म्हातारे आहेत, नुकतेच शाळा सोडलेले पोरगे आहेत. त्यांच्यांतील बहुतेकांच्या मनांत क्रौर्य नाहीं. क्रौर्य आहे तें हिशेबाच्या वहींत. एक पहारेकरी कमी, एक इस्पितळाची खेप कमी, एक वर्ग कमी, असें करीत गेलें म्हणजे कोणीही कोणावर हात न उगारतां माणसाचे पाय जातात. काटकसर हा गृहस्थाश्रमांत गुण मानला जातो. परंतु ज्याला दार उघडून बाहेर पडतां येत नाहीं त्याच्या पोटावर व औषधावर केलेली काटकसर हा त्याच्यावरील अत्याचारच होय.

पुस्तकाचा गाभा मात्र याहूनही खोल आहे. स्वतः बंदिवास भोगलेला हा लेखक प्रथम कैद्यांशीं मित्रभावानें वागूं पाहतो. त्यांना नियमांतून थोडी सूट देतो. आपण इतरांसारखे नाहीं हें त्यांस कळावें अशी त्याची इच्छा असते. हळूहळू त्याला भीति वाटूं लागते. भीतीमागून संशय येतो. संशयामागून अधिकाराची चव लागते. कोणी हंसलें तर तें आपल्यालाच हंसलें असें वाटतें. तो कैद्यांच्या चुका टिपूं लागतो, त्यांच्यावर ओरडतो, त्यांना शिक्षा व्हावी म्हणून कागद भरतो. आणि घरीं गेल्यावर आपण कोण होत चाललों आहों या विचारानें अस्वस्थ होतो. इराणच्या कोठडींत असतांना पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज ज्यानें श्वास रोधून ऐकला, त्याच्याच पावलांचा आवाज आतां इतरांस तसा ऐकूं येत होता. हा भाग लेखकानें स्वतःस यत्किंचितही न वांचवितां लिहिला आहे. आत्मनिंदेचा आव कोठें नाहीं, समर्थनही नाहीं. चार महिन्यांत सहानुभूतीनें भरलेल्या माणसाची ही गत होत असेल, तर ज्यांनीं आपलें आयुष्य तेथें काढावयाचें त्यांचें काय होत असेल, याचा विचार वाचकावर सोपविला आहे.

ग्रंथाच्या रचनेविषयीं आमची तक्रार आहे. लेखकानें एक प्रकरण विनचें व एक इतिहासाचें अशी आलटून-पालटून मांडणी केली आहे. त्यामुळें तुरुंगांतील प्रसंग ऐन रंगांत आला असतां वाचकास एकदम शंभर-दीडशें वर्षें मागें जावें लागतें. इतिहासाचीं हीं प्रकरणें आरंभीं एकत्र दिलीं असतीं तर दोन्ही भागांची शक्ति वाढली असती. तथापि त्यांतील मजकूर अत्यंत मोलाचा आहे. अमेरिकेंत १८६५ सालीं घटनेची तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचें काम घेण्यास त्याच दुरुस्तींत मोकळीक ठेविली होती. तेवढ्या फटींतून जुनी पद्धति पुनः आंत शिरली. दक्षिणेकडील राज्यें आपले कैदी, आणि ते बहुतांशीं काळे लोक, मळेवाले, खाणवाले व रेल्वे बांधणारे यांस भाड्यानें देऊं लागलीं. लुइझियानाचे कैदी १८७० पासून सॅम्युएल जेम्स या एका मक्तेदाराकडे होते; तो मक्ता १९०१ सालीं संपला. गुलाम हा धन्याचा विकत घेतलेला ऐवज असे, म्हणून तो मरूं नये एवढी तरी काळजी धनी घेई. भाड्याचा कैदी मेला तर सरकार दुसरा देई. त्यामुळें कैद्यांच्या छावण्यांत मृत्यूचें प्रमाण भयंकर वाढलें. अलाबामा राज्यानें ही भाड्याची पद्धति सर्वांत शेवटीं, म्हणजे १९२८ सालीं, सोडली.

येथेंच लेखकाच्या प्रतिपादनांत एक उणीव आम्हांस जाणवते. पुस्तक वाचून खालीं ठेवणाऱ्याचा असा ग्रह होण्याचा संभव आहे कीं, सर्व दोष खाजगी कंपनीचा. तुरुंग सरकारकडे परत आले म्हणजे सर्व ठीक होईल. परंतु लेखकाचाच इतिहास याच्या उलट साक्ष देतो. भाड्याची पद्धति संपल्यावर दक्षिणेकडील कित्येक राज्यांनीं स्वतःच मळे घेतले आणि कैद्यांकडून कापूस व ऊंस काढून खजिन्यांत भर घातली. जेम्सचा अँगोला येथील मळा पुढें लुइझियाना सरकारचाच तुरुंग झाला व आजही आहे. मक्तेदार गेला तरी लोभ गेला नव्हता. ही विसंगति लेखकाच्या ध्यानांत आलेली दिसते. पण तिचा निष्कर्ष त्यानें स्पष्ट शब्दांत मांडावयास हवा होता.

तो निष्कर्ष आमच्या अल्पमतीप्रमाणें असा आहे. कैद्याच्या हालांचा लाभ कंपनी घेते हें खरें. पण कंपनीला तो मक्ता देतो कोण? सरकार. आणि सरकारास असा सौदा करण्याचें धाडस कां होतें? कैद्यावर कमी खर्च केला तर मतदार रागावत नाहीं, उलट संतुष्ट होतो, हें त्यास पक्कें ठाऊक असतें म्हणून. ज्या दिवशीं समाज ‘त्याचें काय व्हावयाचें तें होवो, आम्हांस दिसूं नये म्हणजे झालें’ असें मनांत म्हणतो, त्याच दिवशीं मक्ता दिला जातो. करारावरील सही पुढें होते इतकेंच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, प्रामाणिक गरीब माणसास औषध मिळत नसतां गुन्हेगाराच्या औषधावर कर देणाऱ्यानें पैसा कां खर्चावा? आक्षेप न्यायाचा दिसतो. पण गरीब माणसास औषध मिळत नाहीं याचा उपाय त्यास औषध देणें हा आहे. दुसऱ्या कोणाचें काढून घेतल्यानें त्याचा ताप उतरत नाहीं. शिवाय स्वतंत्र माणूस निदान दुसऱ्या वैद्याचें दार ठोठावूं शकतो. ज्याचीं सर्व दारें आपण लावून घेतलीं, त्याच्या जीविताचें ओझें आपण आपल्या शिरावर घेतलें आहे. दुसरा आक्षेप गुन्ह्यानें पीडलेल्यांच्या बाजूनें येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. ज्या आईचा मुलगा मारला गेला तिनें खुन्याच्या सोयीची चिंता वाहावी असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु न्यायाधीशानें जी शिक्षा सांगितली ती स्वातंत्र्य हिरावून घेण्याची. तींत दोन्ही पाय गमावण्याची शिक्षा लिहिलेली नव्हती. न्यायालयानें न दिलेली शिक्षा काटकसरीनें दिली, तर त्या आईस न्याय मिळाला असें होत नाहीं. आणि बहुतेक कैदी कधीं तरी सुटून समाजांतच परत येतात. त्यांना तेथें काय शिकविलें जातें याच्याशीं, दुसरें कांहीं नसलें तरी, आमच्या सुरक्षिततेचा संबंध आहे.

पुस्तकाच्या मागेंपुढें घडलेल्या गोष्टीही विचार करण्यासारख्या आहेत. कंपनीनें विनचा मक्ता २०१५ सालीं सोडला, तो दुसऱ्या खाजगी मंडळीकडे गेला. आणि २०१९ पासून त्या इमारतींत परदेशांतून आलेल्या लोकांस अटकेंत ठेवण्यास सुरुवात झाली. कंपनीनें २०१६ सालीं आपलें नांव बदलून कोअरसिव्हिक असें ठेविलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या न्यायखात्यानें संघसरकारच्या तुरुंगांचे खाजगी मक्ते क्रमानें बंद करण्याचें ठरविलें. २०१७ सालीं नव्या सरकारनें तें फिरविलें. २०२१ सालीं पुनः बंद करण्याची आज्ञा निघाली. २०२५च्या जानेवारींत तीही रद्द झाली. अमेरिकेंतील एकंदर कैद्यांपैकीं खाजगी तुरुंगांत असलेल्यांचें प्रमाण गेल्या कांहीं वर्षांत शेंकडा सुमारें आठ इतकेंच आहे. पण स्थलांतरितांच्या अटकेचें बहुतेक काम याच मंडळ्यांकडे आहे. ज्या धंद्याचा आरंभ परदेशीयांस वसतिगृहांत कोंडून झाला, तो फिरून तेथेंच आला आहे. ज्याच्यासाठीं बोलणारा कोणी नाहीं अशा माणसाच्या शोधांत हा व्यापार असतो.

आमच्या देशांत तुरुंग हें राज्यसरकारांचें काम आहे, यावर समाधान मानून कोणी निश्चिंत होऊं नये. २०२२च्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारतांतील तुरुंगांत शंभरांच्या जागेंत १३१ माणसें होतीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ७५ हून अधिक लोकांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. म्हणजे ज्यांच्याविषयीं आम्ही ‘करावें तसें भरावें’ म्हणतों, त्यांच्यापैकीं चारांतील तिघांनीं कांहीं केलें आहे कीं नाहीं हें न्यायालयासही अजून ठाऊक नसतें. येथें नफा घेणारी कंपनी नाहीं; पण तिकडे न पाहणारा समाज मात्र तोच आहे.

बाउअर यांच्या ग्रंथाची भाषा साधी आहे; कोठें कोठें पहारेकऱ्यांची व कैद्यांची शिवराळ बोलीही जशीच्या तशी आली आहे. घरांतील लहान मुलांच्या हातीं तो देण्यासारखा नाहीं हें आम्हीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण घरांतील मोठ्यांनीं तो वाचावा अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. आगरकरांपासून साने गुरुजींपर्यंत ज्यांच्या बंदिवासाबद्दल आम्ही आदरानें बोलतों, ते सर्व ज्या भिंतींआड राहिले त्या भिंतींआड इतर माणसेंही होतीं, आजही आहेत. पूज्य पुरुषांच्या निमित्तानें आम्हीं ते दार एकदां उघडून पाहिलें होतें. या पुस्तकानें तेंच दार पुनः उघडलें आहे, आणि या वेळीं आंत ओळखीचें कोणी नाहीं. तरीही आम्ही आंत पाहतों कीं तोंड फिरवितों, यावरून तुरुंगांतील माणसांची नव्हे, तर बाहेर असलेल्या आमची परीक्षा व्हावयाची आहे.